माल दादरला, पोराच्या ताटात काय?

वसईकडच्या वाड्यांतून पहाटे एक फेरी मारून पाहा. मेथी, पालक, माठ यांच्या जुड्या बांधल्या जातात, केळीचे घड उतरतात आणि उजाडायच्या आत माल दादरच्या बाजाराला निघतो. त्याच घाईत घरातले पोर उठते, कपभर चहात दोन बिस्किटे बुडवते आणि दप्तर उचलून शाळेला पळते. दहा वाजता गुरुजी फळ्यावर लिहीत असतात आणि पोर पेंगत असते. मग घरी तक्रार येते, 'अभ्यासात लक्ष नाही.' वाचकहो, लक्ष कुठून लागणार? पोटच रिकामे आहे!

पोटात गेलेल्या घासाचे पुढे काय होते, हे नीट समजले तर ताटात काय वाढावे हे वेगळे सांगावे लागत नाही. हा धडा मुलांच्या पुस्तकात असतोच. आज तो घरातल्या सगळ्यांनी मुलांना जवळ घेऊन वाचावा.

घासाचा प्रवास

पचनाची सुरुवात तोंडात होते. भाकरीचा तुकडा बराच वेळ चावला की गोडसर लागतो. मुलांना हे करून पाहू द्या. लाळेमुळे पिठूळ भागाची साखर होऊ लागते, तिचीच ही गोडी. आपल्या वाडीतही असेच घडते. कच्च्या केळ्यात पिठूळ भाग जास्त असतो. केळे पिकले की त्याची साखर होते. राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात वाळवून आगाशीकडे सुकेळी करतात, त्यांना वरून साखर लावावी लागत नाही ती यामुळेच. पचनाचे थोडे काम झाडावरच्या फळाने आधी करून ठेवलेले असते, म्हणून पिकलेले केळे लहानग्यालाही सोसते.

तोंडातून घास अन्ननलिकेवाटे जठरात जातो. तिथले आम्ल बरेचसे रोगजंतू मारते, आणि डाळ, मासे, अंडी यांतल्या प्रथिनांचे पचन सुरू होते. दोन ते चार तास अन्न इथे घुसळले जाते. पुढे लहान आतडे. मोठ्या माणसाचे हे आतडे सुमारे 20 फूट लांब असते. यकृताचे पित्त आणि स्वादुपिंडाचा रस इथे येऊन मिळतात. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे असंख्य बारीक अंकुर असतात. रोपाची केसासारखी मुळे जशी जमिनीतून पाणी ओढतात, तसे हे अंकुर अन्नरस ओढून रक्तात सोडतात. उरलेला चोथा सुमारे 5 फूट लांबीच्या मोठ्या आतड्यात जातो, तिथे त्यातले पाणी शोषले जाते. भाजीतला चोथा आणि पुरेसे पाणी पोटात गेले नाही, तर पोट साफ होत नाही.

ताटात काय असावे?

भात आणि भाकरी हे अंगातले इंधन. त्यावर पोर दिवसभर खेळेल, पण वाढायला प्रथिने लागतात. ती डाळीत, वालात, दुधात, अंड्यात आणि मासळीत आहेत. तांदळाच्या प्रथिनात जे कमी असते ते डाळीत भरपूर असते, आणि डाळीत जे कमी ते तांदळात मिळते. म्हणून वरणभाताची जोडी फुकट जुळलेली नाही. सुका जवळा डोक्याशेपटीसकट खाल्ला जातो, त्यामुळे त्यातून चुनाही मिळतो. आपल्याच जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याकडे पिकणाऱ्या नाचणीच्या 100 ग्रॅममध्ये 300 मिलिग्रॅमहून जास्त चुना असतो. एक भाकरी नाचणीची का नसावी?

आता रक्ताची गोष्ट. 2019 ते 2021 मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी सुमारे 67 टक्के मुलांच्या अंगात रक्त कमी आढळले. पालेभाजीत लोह असते, पण त्यातला थोडाच भाग रक्तात जातो. जेवताना लिंबू पिळले, आवळा किंवा पेरू खाल्ला, तर तो वाढतो. जेवणाबरोबर चहा घेतला, तर घटतो. म्हणून चहा जेवणापासून तासभर लांब ठेवा, आणि लहान मुलांना तो न दिलेलाच बरा.

आणखी एक चोर आहे. आकडी-जंताची पिल्ले ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात, आतड्याला चिकटतात आणि रक्त पितात. वाडीत जाताना मुलांच्या पायांत चप्पल हवी, शौचालय वापरले पाहिजे, जेवणाआधी साबणाने हात धुतले पाहिजेत. 2015 पासून शाळा-अंगणवाडीत जंतनाशक गोळी देतात, ती चुकवू नका.

शाळेतल्या भोजनाचे प्रमाण ठरलेले आहे : पहिली ते पाचवीला 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीला 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिने. पण ते दुपारचे जेवण आहे, सकाळच्या न्याहारीची जागा ते भरून काढत नाही. रात्रीचा उरलेला भात फोडणीला टाकला आणि बरोबर एक केळे दिले, तरी चहा-बिस्किटांपेक्षा ती न्याहारी कितीतरी भारी.

मायबहिणींनो, जुडी विकून आलेल्या पैशांतून बिस्किटांचा पुडा घरी येतो, हा कसला हिशेब? उद्या पहाटे माल बांधताना मेथीची एक जुडी आणि केळ्यांची एक फणी बाजूला काढा. बाजाराला तेवढे कमी पडणार नाही, आणि दहा वाजता पोर फळ्याकडे बघत असेल.