वॉर्डातल्या म्हाताऱ्यांशी बोलायचं काय?

आजचा विषय वरवर सोपा आहे. हॉस्पिटलात भरती असलेल्या म्हाताऱ्या माणसांशी गप्पा कशा मारायच्या? मी भिलाईच्या खुर्सीपारमध्ये राहतो आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी एका वॉर्डात स्वयंसेवक म्हणून जातो. इंजेक्शन, पट्टी यांना मी हात लावत नाही. स्टूल ओढून बसायचं आणि बोलायचं, एवढंच माझं काम.

पण याला टाइमपास समजू नका. ऐंशीच्या घरातला माणूस न्यूमोनिया होऊन किंवा खुब्याचं हाड मोडून भरती होतो. सकाळी नीट बोलत असतो आणि संध्याकाळी सलाइन उपटायला लागतो, मुलाला ओळखत नाही, भिंतीवर कोणीतरी बसलंय म्हणतो. घरचे म्हणतात, वय झालं, डोकं फिरलं. डॉक्टर याला डिलिरियम म्हणतात. त्यामागे बहुतेक वेळा काहीतरी कारण असतं: संसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, एखादं औषध, झोपमोड, तुंबलेली लघवी. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या डॉ. शॅरन इनोये यांनी सत्तरीच्या पुढच्या ८५२ रुग्णांचा अभ्यास केला. तो १९९९ साली प्रसिद्ध झाला. नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी १५ टक्के रुग्णांना डिलिरियम झाला. ज्यांच्याकडे जास्तीचं लक्ष दिलं, त्यांच्यात हेच प्रमाण ९.९ टक्के होतं. जास्तीचं म्हणजे वार-तारीख सांगत गप्पा मारणं, चालवणं, चष्मा आणि कानाचं यंत्र हाताशी ठेवणं, पाणी पाजणं, झोप नीट होऊ देणं. नुसत्या गप्पांना श्रेय देता येणार नाही, पण यातली बरीच कामं शिकवून तयार केलेले स्वयंसेवकच करत होते.

म्हणून मी सुरुवातच अशी करतो: "काकाजी, आज गुरुवार. पाच वाजलेत, बाहेर ऊन उतरलंय. सूनबाई चहा आणायला गेल्यात." वार, वेळ, कोण कुठे आहे, सगळं बोलता बोलता सांगून टाकायचं. "सांगा बरं, आज वार कोणता? मी कोण?" अशी परीक्षा घेऊ नये. भेटायला येणारे नातेवाईक हमखास हेच करतात, आणि उत्तर चुकलं की म्हातारा माणूस ओशाळतो आणि मग बोलतच नाही.

आता कानांचं. भिलाईत हे जास्तच लागू आहे. इथली पहिली ब्लास्ट फर्नेस ४ फेब्रुवारी १९५९ला सुरू झाली. तेव्हा विशीत असलेले आज पंच्याऐंशीच्या पुढे आहेत, त्यांच्या मागून लागलेले सत्तरीत. प्लांटच्या आवाजात नोकरी गेली. सततचा मोठा आवाज आधी साधारण ४००० हर्ट्झच्या आसपासचं ऐकणं खातो, आणि वयाबरोबरही बारीक, उंच पट्टीचे आवाजच आधी जातात. त्यामुळे तुम्ही बोलताय हे कळतं, पण स, श, त, फ निसटतात आणि शब्द लागत नाही. घरचे म्हणतात, "यांना हवं तेवढंच ऐकू येतं." तसं नसतं हो. ओरडून काही होत नाही. ओरडलं की आपली पट्टी आणखी चढते आणि चेहरा रागावलेला दिसतो. बऱ्या कानाच्या बाजूला बसा, उजेड तुमच्या तोंडावर पडू द्या, आवाज खालचा आणि सावकाश ठेवा. एकदा कळलं नाही तर तेच वाक्य परत म्हणू नका, शब्द बदला. "त्रास होतोय का?" समजलं नाही तर "दुखतंय का?" असं विचारा.

खुर्सीपारच्या गल्लीत तेलुगू, ओडिया, भोजपुरी, छत्तीसगढी, मराठी सगळं कानावर पडतं, म्हणून पहिला शब्द समोरच्याच्या भाषेतला असावा. छत्तीसगढी आजींना "दाई, कइसे लागत हे?", तेलुगू आजींना "अम्मा, बागुन्नारा?" माझं तेलुगू तिथेच संपतं, आणि त्यावर त्या हसतात, तेही चालतं. मराठी म्हाताऱ्यांना गावाचं नाव पुरतं. १९५६पर्यंत दुर्ग नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच होतं, त्यामुळे सोयरीक भंडारा-गोंदियापर्यंत निघते.

"कसं वाटतंय?" विचारलं की "ठीक आहे" एवढंच उत्तर येतं. मी कामाचं विचारतो. दहा ते तीस वर्षांच्या वयातल्या आठवणी म्हातारपणी जास्त टिकून राहतात, हे मानसशास्त्रातलं जुनं निरीक्षण आहे. बायकांना "तुम्ही काय करायचात?" विचारलं तर "काही नाही, घरीच होते" म्हणतात. त्यांना विचारावं, नवीन होतात तेव्हा पाणी कुठून भरायचात, फरा कसा करता. मग अर्धा तास तुम्ही फक्त ऐकायचं.

रेल मिलमधून रिटायर झालेले एक काका दोन दिवस भिंतीकडे तोंड करून होते. मी विचारलं, नाइट शिफ्टला डबा कोण द्यायचं? मग बायको, सायकल, लाल रूळ सरकताना लागणारी धग, सगळं निघालं. मध्येच हळू आवाजात म्हणाले, "सकाळपासून लघवी झाली नाही. त्या पोरीला कसं सांगू?" पोरगी म्हणजे ड्यूटीवरची सिस्टर. डॉक्टरांना त्यांनी तिन्हीवेळा "ठीक" सांगितलं होतं. मी त्यांना म्हटलं, हे मला सिस्टरला सांगावंच लागेल, आणि लगेच सांगितलं. नळी घातल्यावर रात्री ते शांत झोपले.

आपल्या हद्दीही पाळाव्या लागतात. पाणी मागितलं तरी सिस्टरला विचारल्याशिवाय देऊ नये. ऑपरेशन असेल, गिळायला त्रास असेल. "मला घरी न्या" म्हणाले तर "उद्या सोडतील" असं खोटं सांगू नये; घरी कोण कोण आहे, हे विचारावं. "आता मी काही वाचत नाही" म्हणाले तर "असं अभद्र बोलू नका" म्हणत तोंड बंद करू नका. "भीती वाटतेय का?" असं विचारून गप्प बसा. हे सगळ्यात अवघड आहे, मला अजूनही जड जातं.

निघताना न सांगता उठू नका. "मी निघतो, सोमवारी येईन" म्हणा, पण सोमवारी येणार असाल तरच. आणि बाहेर पडण्याआधी सिस्टरच्या टेबलाशी दोन मिनिटं थांबून सांगा: कोण आज जास्त झोपाळू होतं, कोणाचा चष्मा घरीच राहिलाय, कोणी ताटाला हात लावला नाही.