विश्लेषण : १६२ सामने, १२१ पराभव… शिकागो व्हाइट सॉक्सवर ही वेळ का आली?

२७ सप्टेंबर २०२४ ची रात्र. डेट्रॉइटच्या मैदानावर यजमान टायगर्स संघाने शिकागो व्हाइट सॉक्सला ४-१ असे हरवले आणि २०१४ नंतर पहिल्यांदाच बाद फेरी गाठली. मैदानात जल्लोष सुरू झाला. पराभूत संघासाठी मात्र हा मोसमातला १२१ वा पराभव होता. १९०० पासूनच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये एकाच मोसमात इतके सामने दुसरा कोणताही संघ हरलेला नाही.

हा काही नवखा संघ नव्हता. शिकागोसारखे मोठे शहर, शतकाहून जुना इतिहास, २००५ चे विजेतेपद आणि अवघ्या तीन वर्षांपूर्वी गटात पहिला क्रमांक. मग गाडी इतकी रुळावरून कशी घसरली?

१२१ म्हणजे नेमके किती वाईट?

आयपीएलमध्ये एक संघ साखळीत १४ सामने खेळतो. मेजर लीग बेसबॉलमध्ये प्रत्येक संघ सहा महिन्यांत १६२ सामने खेळतो, म्हणजे जवळपास रोजच. एवढ्या लांबच्या मोसमात नशिबाचा भाग धुऊन निघतो. उत्तम संघही ६० च्या आसपास सामने हरतात आणि वाईट संघही ६० च्या आसपास जिंकतात. व्हाइट सॉक्सने जिंकले ४१.

त्यांनी १६२ सामन्यांत केवळ ५०७ धावा केल्या. ३० संघांत या सर्वांत कमी होत्या. त्यांच्याविरुद्ध ८१३ धावा झाल्या. म्हणजे सामन्यामागे साधारण तीन करायच्या आणि पाच द्यायच्या, असा हिशेब.

आधीचा विक्रम १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सचा, १२० पराभवांचा. पण तो संघ त्याच वर्षी जन्माला आला होता आणि इतर संघांना नकोसे झालेले खेळाडू घेऊन उभा राहिला होता. न्यूयॉर्ककरांनी त्याच्यावर हसत हसत प्रेमच केले. आकडेवारीचे पक्के लोक असेही सांगतील, की मेट्स १६०च निकाली सामने खेळले, त्यांची विजयाची टक्केवारी २५.० आणि व्हाइट सॉक्सची २५.३, त्यामुळे मेट्सच अधिक वाईट. तर्क बरोबर आहे. पण शिकागोत कुणाला त्याने दिलासा मिळाला असेल, असे वाटत नाही.

आधी सगळे ठीक होते ना?

होते, आणि खरे दुखणे तिथेच आहे. २०१६-१७ मध्ये संघाने ख्रिस सेल, होसे किंताना यांच्यासारखे नावाजलेले गोलंदाज (बेसबॉलच्या भाषेत पिचर) इतर संघांना दिले आणि बदल्यात तरुण गुणवत्ता घेतली. योआन मोंकाडा, एलॉय हिमेनेझ, डिलन सीस, मायकल कोपेक ही त्यातलीच नावे. चाहत्यांना सांगितले गेले, चार वर्षे कळ काढा. त्यांनी काढली. २०२१ मध्ये ९३ विजय मिळवून संघ गटात अव्वल आला.

त्यानंतर आलेख असा : २०२२ मध्ये ८१ विजय, २०२३ मध्ये ६१ आणि २०२४ मध्ये ४१. आधी १२ आणि मग दोन वर्षे प्रत्येकी २० विजयांची घट.

या घसरणीची मुळे मालकाच्या निर्णयांत शोधली जातात. १९८१ पासून संघाची सूत्रे जेरी राइन्सडॉर्फ यांच्याकडे आहेत. शिकागो बुल्स हा बास्केटबॉल संघही त्यांचाच. २०२० च्या अखेरीस, तरुण संघ ऐन भरात येत असताना त्यांनी ७६ वर्षांच्या टोनी ला रुसा यांना मॅनेजर म्हणून आणले. ते दिग्गज खरेच, पण २०११ नंतर त्यांनी एकाही संघाचे डगआउट सांभाळले नव्हते. २०२२ मध्ये प्रकृतीमुळे त्यांना थांबावे लागले. ऑगस्ट २०२३ मध्ये व्यवस्थापनातील दोन्ही बड्या अधिकाऱ्यांना घरी पाठवून जागा दिली गेली ती घरातल्याच ख्रिस गेट्झ यांना. खर्चातही हात आखडताच. संघाच्या इतिहासातला सर्वांत मोठा करार होता अँड्र्यू बेनिनटेंडी याचा, पाच वर्षांसाठी साडेसात कोटी डॉलर. मोठ्या शहरातल्या इतर संघांपुढे ही रक्कम किरकोळच.

२०२४ मध्ये नेमके काय झाले?

मोसम सुरू व्हायच्या आधीच सीसला सॅन दिएगोला देऊन टाकले. एप्रिलच्या सुरुवातीलाच लुईस रॉबर्ट, मोंकाडा आणि हिमेनेझ दुखापतींमुळे बाहेर गेले. पहिल्या २५ सामन्यांत विजय मिळाले तीन. मे-जूनमध्ये सलग १४ पराभव आणि जुलैत त्याहून भीषण मालिका, सलग २१ पराभव. अमेरिकन लीगमध्ये १९८८ च्या बाल्टिमोर ओरिओल्सनंतर असे कुणी पाहिले नव्हते. ६ ऑगस्टला ओकलंडमध्ये ही मालिका तुटली. दोनच दिवसांनी मॅनेजर पेद्रो ग्रिफोल यांना काढले गेले.

जुलैअखेरच्या अदलाबदलीत कोपेक लॉस एंजेलिस डॉजर्सकडे गेला. ऑक्टोबरमध्ये तो जगज्जेत्या संघात होता!

एकच माणूस खरोखर चमकला : डावखुरा पिचर गॅरेट क्रोशे. १४६ डावांत त्याने २०९ फलंदाजांना स्ट्राइकआउट केले. तरी त्याच्या नावावर विजय सहा आणि पराभव बारा. मोसम संपल्यावर त्यालाही बोस्टनला देण्यात आले.

इतरांना त्याचा फटका बसला का?

बसला, आणि काहींना फायदाही झाला. त्याच गटातील कॅन्सस सिटी रॉयल्सने व्हाइट सॉक्सविरुद्धच्या १३ पैकी १२ सामने जिंकले. रॉयल्स ८६ विजयांवर बाद फेरीत गेले, ८५ विजयांवर सिअॅटल मरिनर्स बाहेर राहिले. एक संघ कोलमडला की अख्ख्या लीगचा तोल असा बिघडतो.

सर्वांत वाईट संघाला काही मोबदला मिळतो का?

अमेरिकी खेळांत खालच्या श्रेणीत घसरण्याची भीती नसते. उलट तळाच्या संघाला पुढच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, आधी संधी मिळते. पण मुद्दाम हरण्याची लबाडी रोखण्यासाठी आता पहिल्या काही क्रमांकांची सोडत निघते. शिवाय जे श्रीमंत संघ लीगच्या महसूल वाटपात पैसे भरतात, त्यांना सलग दोन वर्षे सोडतीतला क्रमांक घेता येत नाही. २०२४ मध्ये व्हाइट सॉक्सला तो मिळाला होता. त्यामुळे इतिहासातला सर्वाधिक पराभवांचा मोसम खेळूनही २०२५ मध्ये त्यांची पाळी आली दहाव्या क्रमांकावर. एवढे हरूनही हाती काहीच नाही.

चाहते काय म्हणाले?

१२० वा पराभव सॅन दिएगोत झाला. विक्रमी १२१ वा घरच्या मैदानावर होणार, असे वाटत असताना संघाने एंजल्सविरुद्धचे तिन्ही सामने जिंकले. पहिल्या सामन्यात तर आठव्या डावात पिछाडी भरून काढत ३-२ असा विजय. तरी स्टँडमधून घोषणा येत होत्या, ‘सेल द टीम!’, म्हणजे संघ विकून टाका. (पुढे पोप झालेले लिओ चौदावे हेही याच संघाचे चाहते. २००५ च्या अंतिम मालिकेत ते स्टँडमध्ये बसलेले दिसतात.)

२०२५ मध्ये ६० विजय आणि १०२ पराभव. सुधारणा झाली, पण शंभरी टळली नाही. त्याच वर्षी जूनमध्ये राइन्सडॉर्फ यांनी गुंतवणूकदार जस्टिन इश्बिया यांच्याशी दीर्घ मुदतीचा करार केला. त्यानुसार संघाचा ताबा लवकरात लवकर २०२९ मध्ये बदलू शकतो. तेव्हा राइन्सडॉर्फ ९३ वर्षांचे असतील.