एका तालातले इलेक्ट्रॉन
(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

प्रकाश म्हटले की आपल्याला सात रंग आठवतात. पण रेडिओलहरी, मायक्रोवेव्ह, अवरक्त किरण, क्ष-किरण ही सारी त्याचीच भावंडे. यांपैकी मायक्रोवेव्ह आणि अवरक्त यांच्या मधला पट्टा बराच काळ दुर्लक्षित राहिला. तो टेराहर्ट्झ किरणांचा. ही लहर सेकंदाला सुमारे एक लाख कोटी वेळा आंदोलते. तिची लांबी जेमतेम ०.३ मिलिमीटर भरते.

कागद, कापड, प्लॅस्टिक यांतून हे किरण आरपार जातात. पाणी मात्र त्यांना शोषून घेते. त्यामुळे झाडाचे पान न तोडता त्यात पाणी किती आहे, हे त्यांच्या साह्याने अजमावता येते. द्राक्षबागांना पाणी मोजून देणाऱ्या नाशिककरांना याचे मोल वेगळे सांगायला नको. शिवाय हे किरण क्ष-किरणांप्रमाणे अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवून लावत नाहीत.

मग अडचण कुठे आहे? ती तीव्रतेची. या पट्ट्यात इलेक्ट्रॉनिक मंडले आणि नेहमीचे लेसर, दोन्ही दुबळे पडतात. यावरचा एक उपाय म्हणजे जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावणारे इलेक्ट्रॉन. चुंबकाने त्यांची वाट वळवली, की ते किरण फेकतात. उत्तर-दक्षिण ध्रुव आलटूनपालटून मांडलेल्या चुंबकांच्या रांगेतून ते नागमोडी जातात. एक वळण ५ सेंटिमीटरचे असले, तरी इलेक्ट्रॉन आपल्याच किरणांच्या पाठोपाठ धावत असल्याने पुढे जाणारी लहर दाबली जाऊन मिलिमीटरहूनही आखूड होते. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिट्टी चढ्या स्वरात ऐकू येते, त्यातलाच हा प्रकार.

खरी किमया झुंडीची. इलेक्ट्रॉनांची झुंड लहरीपेक्षा आखूड असली, की नाशिक ढोलाच्या पथकासारखे सारे एका तालात येतात. विस्कळीत दहा इलेक्ट्रॉन दहापट तीव्रता देतात. एका तालातले दहा शंभरपट! आणि एका झुंडीत ते कोट्यवधी असतात. अमेरिकेतील जेफरसन प्रयोगशाळेने २००२ मध्ये याच मार्गाने सरासरी सुमारे २० वॅट शक्ती मिळवली. आपल्याकडे दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरने ०.१८ ते ३ टेराहर्ट्झसाठी ‘दिल्ली लाइट सोर्स’ची आखणी केली.

अशी यंत्रे बागेत नेण्याजोगी नसतात. पानातले पाणी मोजायला लहान, सौम्य स्रोत पुरतो. प्रखर झोताचे काम निराळे आहे. तो पदार्थातील रेणूंना व चुंबकत्वाला क्षणभर हलवतो आणि ते पुन्हा कसे सावरतात, हे संशोधकांना पाहता येते.