ओपीडीतली यादी

सकाळी ८.३०. व्यसनमुक्ती ओपीडीचं दार उघडायच्या आत बाकावर दोन-तीन जोडपी बसलेली असतात. बोलते ती बाई, गडी खाली बघत असतो. मी आधी त्याला दोन्ही हात पुढे करायला सांगते. बोटं थरथरत असली तर पहिला प्रश्न: शेवटची कधी घेतली? रोज पिणाऱ्याने एकदम सोडली की दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भ्रमही होतो. अशाला थेट डॉक्टरांकडे, केसपेपर नंतर.

९.३० ते १. माझं खरं काम. प्रत्येकजण एकच नशा सांगतो आणि मला पूर्ण यादी हवी असते.

"फक्त क्वार्टर, मॅडम," यंत्रमागावरचा एकजण म्हणतो. तंबाखू? "ती काय नशा आहे का!" बोलताना त्याचा अंगठा मात्र डाव्या तळव्यावर फिरतोय, तंबाखू-चुना मळल्यासारखा. हळूहळू निघतं: रात्रपाळीत डोळा लागू नये म्हणून मावा, पाळी सुटल्यावर झोपेसाठी दारू, पैसे नसतील त्या दिवशी कुणाकडून तरी मिळवलेली झोपेची गोळी. नुसती दारू तोडली तर हा गोळ्यांवर जाईल. म्हणून मी यादी अर्धी सोडत नाही.

मग बायकोकडे वळते. "ताई, मिश्री किती वेळा?" ती पदराआड हसते. "बिड्या वळताना भूक लागत नाही ओ." २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के होते, बिनधुराचा तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. भाजलेल्या तंबाखूची मिश्री मात्र घराघरात होते, तिला कुणी व्यसनात धरत नाही.

१२ च्या सुमारास सोलापूरच्या पूर्व भागातले एक आजोबा. "दारूला शिवत नाही, शिंदी घेतो." भेसळीच्या शिंदीत क्लोरल हायड्रेट हे गुंगीचं रसायन मिसळतात. ती अचानक सुटली तरी झटके येऊ शकतात, म्हणून त्यांनाही आधी डॉक्टरांकडे.

दुपारी ३. फेरतपासणी. काहीजण सोलापूरजवळच्या मुळेगाव तांड्यावरचे. तिथे पोलिसांच्या २०२१ च्या 'ऑपरेशन परिवर्तन'नंतर बऱ्याच घरांनी हातभट्टी सोडून दुसरं काम धरलं. भट्टी विझली तरी अंगातली सवय राहते. तिला उपचारच लागतात.

बायका डायसल्फिराम या दारू सोडवण्याच्या गोळीबद्दल हळूच विचारतात, "भाजीत कालवून देऊ?" अजिबात नाही. त्याला न सांगता दिली आणि तो प्यायला, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो.

५ वाजता तारीख चुकवलेल्यांना फोन. बहुतेकजण परत प्यायल्याच्या लाजेने येत नाहीत. सांगते, "पिऊन असलात तरी या. उद्या, साडेआठला."