आजीचं जन्मघर शोधताना

मावशीकडे किंवा निपुत्रिक काकांकडे दिलेल्या लेकरांचे कागद क्वचितच होत. १९५६च्या हिंदू दत्तक कायद्यातही नोंदणीची सक्ती नाही. ख्रिस्ती कुटुंबांना तर दत्तकाचा कायदाच नव्हता. १८९०च्या कायद्याखाली फक्त पालकत्व मिळे.

वसईतल्या ख्रिस्ती घरांनी आधी चर्चमधली बाप्तिस्म्याची वही पाहावी. बाळ दुसऱ्या घरी जाण्यापूर्वी बाप्तिस्मा झाला असेल, तर जन्मदात्यांची नावं तिथे असतात. धर्मपिता-धर्ममाता कोण होते, हेही टिपून घ्या. ते बरेचदा नात्यातलेच. आणि समास नक्की वाचा! १९०८पासून लग्नाची नोंद बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी करण्याचा नियम आहे. आजीच्या लग्नावरून तिच्या जन्मापर्यंत पोहोचवणारा हाच सर्वांत भक्कम दुवा.

इतरांसाठी कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४. ही जन्म-मृत्यूची जुनी नोंद तहसील कार्यालयात मागावी. एकट्या शाळेच्या जनरल रजिस्टरवर मात्र विसंबू नका, तिथे बहुधा सांभाळणाऱ्याचंच नाव लागे. वसई ज्यात येते तो पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला, त्यामुळे त्याआधीच्या कागदांवर ‘जिल्हा ठाणे’ असेल.

या सगळ्याआधी घरातल्या सर्वांत वयस्क बाईपाशी बसा. तिला बोलायचं नसेल, तर त्या दिवशी विषय सोडून द्या.