पिष्टाचे प्लास्टिक व आपली शेती

देवळी तालुक्यातील नाचणगाव व त्यास लागून असलेले पुलगाव हा मुलूख कपाशीचा. येथे शेतातून निघालेला माल पूर्वी पोत्यात नाहीतर सुती गाठोड्यात बांधून बाजारास जाई, आणि जे शेतात पडून राही ते पावसाळ्यात कुजून जमिनीचेच होई. प्लास्टिक आल्यापासून ही व्यवस्था बिघडली आहे. मिरची, वांगी, टरबूज ह्यांच्या गादीवाफ्यांवर अंथरलेला मल्चिंग पेपर पीक निघेपर्यंत उन्हाने जीर्ण होतो. उचलू गेल्यास हाती चिंध्या येतात आणि उरलेले तुकडे वखराखाली मातीत गाडले जातात. खताच्या रिकाम्या पिशव्यांत कापूस वेचला म्हणजे त्यांचे दोरे रुईत मिसळतात. ते दोरे रंग धरीत नाहीत, कापडावर दोष दिसतो व कापसाची प्रत उतरते. अशा स्थितीत वनस्पतींच्या पिष्टापासून कुजणारे प्लास्टिक तयार होते हे ऐकून शेतकरीवर्गात कुतूहल उत्पन्न व्हावे हे साहजिक आहे. त्याची हकीकत, गुण व मर्यादा ह्यांसह, आम्ही येथे देत आहो.

पिष्ट म्हणजे काय? — हे द्रव्य आपल्या घरात अपरिचित नाही. कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून व गाळून जो पांढरा चीक खाली बसतो तो बहुतांशी पिष्टच होय. बाजारात त्यास स्टार्च म्हणतात. कापडगिरणीत ताण्याच्या सुतास जी खळ देतात तीही पूर्वापार पिष्टाचीच. मका व ज्वारी ह्यांच्या दाण्यात कोरड्या वजनाच्या सुमारे ७० टक्के, तर साबुदाणा ज्यापासून करतात त्या टॅपिओकाच्या ओल्या कंदात सुमारे २५ ते ३० टक्के पिष्ट असते.

पिष्टाचे कण पाण्यात तापविले म्हणजे सुमारे ७० अंश सेल्सिअसला फुगून फुटतात व त्यांतील लांब साखळ्या मोकळ्या होतात. वाळताना त्या एकमेकींस घट्ट चिकटतात. कुरडई अर्धपारदर्शक व ठिसूळ होते ती ह्याच कारणाने. परंतु शिजताना त्यात ग्लिसरीन घातले तर साखळ्या एकमेकींवरून थोड्या सरकू शकतात आणि वाळलेला पापुद्रा न मोडता वाकतो. ह्या विद्येचे मर्म एवढेच. कारखान्यात पिष्ट, ग्लिसरीन व थोडे पाणी हे मिश्रण मळसूत्री यंत्रात १२० ते १६० अंश उष्णतेवर दाबून मळतात.

घरगुती प्रयोग. — ज्यांस हे प्रत्यक्ष पाहावयाचे असेल त्यांनी मक्याचे पिष्ट १० ग्रॅम, पाणी ६० मिलिलिटर, ग्लिसरीन एक लहान चमचा व व्हिनेगर एक लहान चमचा एकत्र करून मंद आचेवर ढवळीत राहावे. खळीसारखे दाट व पारदर्शक झाले म्हणजे ताटात पातळ पसरून दोन दिवस वाळू द्यावे. पावसात सापडून काळी पडलेली ज्वारी भिजवून व वाटून काढलेला चीकही ह्या प्रयोगास चालेल. मात्र त्याचा रंग मळकट येईल. वाळलेला पापुद्रा हाताने वाकतो. परंतु पाण्यात टाकताच फुगून मऊ पडतो. नुसत्या पिष्टाचे प्लास्टिक पावसात टिकत नाही ते ह्यामुळेच.

कारखानदारांनी काढलेले मार्ग. — हा दोष घालविण्यासाठी दोन मार्ग निघाले. पहिला मिश्रणाचा. इटलीतील नोव्हामाँट कंपनीने १९९० च्या सुमारास मक्याच्या पिष्टात कुजणारी इतर बहुवारिके मिसळून पिशव्या व शेतीचे आच्छादन ह्यांजोगा माल बाजारात आणला. दुसरा मार्ग पिष्टाची साखर करून, ती आंबवून लॅक्टिक आम्ल काढणे व त्याचे प्लास्टिक बनविणे हा होय. आपल्या महाराष्ट्रात पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने जेजुरी येथे ह्या प्रकारचे प्रात्यक्षिक केंद्र उभारले व ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. मात्र ह्या दुसऱ्या प्रकारचे प्लास्टिक सुमारे ५८ अंश उष्णता राखणाऱ्या मोठ्या कंपोस्टखान्यात लवकर कुजते. शेताच्या मातीत तितकी उष्णता टिकत नाही व ते फार काळ तसेच राहते. 'वनस्पतीपासून झालेले' आणि 'मातीत कुजणारे' ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वाचकांनी विसरू नये.

मक्याचा पेरा वाढवावा काय? — ह्या प्रश्नाचे उत्तर आम्ही हिशेबाने देतो. एका एकरात अर्ध्या जागेवर, म्हणजे सुमारे २,००० चौरस मीटर, २० मायक्रॉन जाडीचे आच्छादन घातले तर अदमासे ५० किलो माल लागेल. त्यात पिष्ट ४० टक्के धरल्यास २० किलो, व तेवढ्यासाठी मका सुमारे तिसरा हिस्सा क्विंटल. हजार एकरांच्या आच्छादनास लागणारा मका वीसेक एकरांत पिकेल! तात्पर्य, ह्या धंद्यात धान्याची वाण पडण्यासारखी नाही. मोल आहे ते यंत्राचे व कसबाचे. कोणी 'प्लास्टिकसाठी मका लावा' असे सांगत आल्यास खरेदीचा लेखी करार व भाव आधी पाहावा. मक्यास कोंबड्यांच्या खाद्याचे व इथेनॉलचे गिऱ्हाईक आहेच. त्यांच्याहून जास्त भाव मिळेल तरच ह्या गोष्टीचा विचार करावा.

उपयोग कोठे? — आमच्या मते नियम एकच: जी वस्तू शेतातून परत गोळा करता येते ती कुजणारी असण्याची गरज नाही, आणि जी गोळा करता येत नाही तीच कुजणारी असावी. कापूस वेचण्यास सुती ओटी व सुती गाठोडे ह्यांहून चांगले काही नाही. तेथे पिष्टाची पिशवी आणणे व्यर्थ खर्च होय. परंतु मल्चिंग पेपर व रोपासकट खड्ड्यात जाणारी पिशवी ह्यांस हे प्लास्टिक योग्य आहे. ते साध्या प्लास्टिकहून पुष्कळ महाग पडते. पण त्याच्या उलट बाजूस चिंध्या वेचण्याची मजुरी व जमिनीत साचणारी घाण हीही मांडली पाहिजे.

खरेदी करताना. — महाराष्ट्रात मार्च २०१८ पासून व देशभर १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली, तेव्हापासून 'पर्यावरणस्नेही' असे छापलेला माल पुष्कळ दिसतो. त्यांतील काही साधे प्लास्टिकच असून, त्यात घातलेल्या औषधाने त्याचा केवळ भुगा होतो. भुगा होणे म्हणजे कुजणे नव्हे. कंपोस्ट होणाऱ्या मालास केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र व आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक लागते. त्यानुसार १८० दिवसांत ९० टक्के कार्बन वायुरूप व्हावा लागतो. पण ही कसोटी कंपोस्टखान्यातील आहे. आच्छादनासाठी युरोपात २०१८ साली निराळे मानक, ईएन १७०३३, ठरले. त्यात मातीत दोन वर्षांची मुदत आहे. विक्रेत्यास दोन्हींविषयी विचारावे.

वर्धा जिल्ह्याच्या काळ्या जमिनीत व ४५ अंशांच्या उन्हाळ्यात हा माल कसा वागतो हे आपल्याच शेतात पाहणे इष्ट. प्रथम दोनच सऱ्यांवर अंथरावे, शेजारी दोन सऱ्यांवर साधा मल्चिंग पेपर ठेवावा. कोणता केव्हा फाटला, तण किती उगवले, उत्पन्न किती आले ह्याची टाचणे करावीत. पीक निघाल्यावर त्याचा हातभर तुकडा जाळीच्या पिशवीत घालून वीतभर खोल पुरावा आणि दर दोन महिन्यांनी उकरून पाहावा. उन्हाळ्यात माती कोरडी असता कुजण्याचे काम मंदावते, म्हणून एक पावसाळा पुरता जाऊ द्यावा. त्यानंतरही तुकडा शाबूत निघाल्यास तो माल पुन्हा घेऊ नये. ज्यांनी असा प्रयोग केला असेल त्यांनी आपली टाचणे आमच्याकडे अवश्य पाठवावीत; इतर बांधवांच्या उपयोगासाठी ती आम्ही आनंदाने छापू.