दुभंगलेल्या टाळूची शस्त्रक्रिया

दुभंगलेली टाळू किंवा खंडतालू हे जन्मजात व्यंग आहे. तोंडाचे छत घडवणारे दोन्ही बाजूंचे भाग गर्भावस्थेच्या सहाव्या ते नवव्या आठवड्यांच्या सुमारास मध्यरेषेवर जुळतात. ते न जुळल्यास तोंड आणि नाक यांच्यामध्ये फट राहते. हे व्यंग एकटे किंवा दुभंगलेल्या ओठासोबत आढळते.

कारणे

आनुवंशिक घटक, गरोदरपणातील धूम्रपान आणि अपस्मारावरील काही औषधे यांचा या व्यंगाशी संबंध आढळला आहे. मात्र अनेक बालकांमध्ये निश्चित कारण सापडत नाही. गर्भवतीने ग्रहणात चिरले-कापले तर बाळाचा ओठ फाटतो, या समजुतीला शास्त्रीय आधार नाही. तिच्यामुळे आईवर विनाकारण दोष येतो.

परिणाम

तोंडात निर्वात पोकळी तयार होत नसल्याने बाळाला स्तनपान अवघड जाते. मध्यकर्णात द्रव साठून ऐकू कमी येऊ शकते. बोलताना हवा नाकातून निसटते, त्यामुळे ‘बाबा’ हा शब्द ‘मामा’सारखा ऐकू येतो.

शस्त्रक्रिया

ओठ सामान्यतः तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात आणि टाळू सहाव्या ते अठराव्या महिन्यांदरम्यान शिवली जाते. केवळ फट बुजवणे पुरेसे नसते. मृदू टाळू उचलणारे स्नायू दुभंगामुळे कठीण टाळूच्या मागील कडेला चिकटलेले असतात. ते सोडवून मध्यभागी जोडावे लागतात. अमेरिकी शल्यचिकित्सक लिओनार्ड फर्लो यांनी 1986 मध्ये मांडलेल्या पद्धतीत इंग्रजी ‘झेड’ अक्षराच्या आकाराचे छेद घेऊन टाळूची लांबीही वाढवली जाते.

योग्य वयाविषयीचे संशोधन

टाळू लवकर शिवल्यास बोलणे शिकण्यापूर्वी ती कार्यक्षम होते. परंतु शस्त्रक्रियेच्या व्रणामुळे वरच्या जबड्याची वाढ खुंटण्याचा धोका असतो. युरोप व दक्षिण अमेरिकेतील 23 केंद्रांत 558 बालकांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. या बालकांचा ओठ दुभंगलेला नव्हता. पाच वर्षांच्या वयात टाळूची अकार्यक्षमता सहाव्या महिन्यात शस्त्रक्रिया झालेल्या गटात 8.9 टक्के, तर बाराव्या महिन्यात झालेल्या गटात 15 टक्के मुलांमध्ये आढळली.

महाराष्ट्रातील उपचार

पंढरपूर येथे जन्मलेले प्लास्टिक सर्जन डॉ. शरदकुमार दीक्षित (1930–2011) अमेरिकेत स्थायिक झाले होते. 1968 पासून भारतात येऊन त्यांनी दुभंगलेले ओठ, पापण्यांचे दोष व चेहऱ्यावरील व्रण यांवर मोफत शस्त्रक्रिया केल्या. अपघातानंतर चाकाच्या खुर्चीत असताना आणि कर्करोगामुळे स्वरयंत्र गमावल्यानंतरही त्यांनी हे काम चालू ठेवले. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे लायन्स क्लबच्या पुढाकाराने त्यांची शिबिरे भरत. 2001 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळांतील तपासणीत हे व्यंग शोधून मुलांना मोफत उपचारांसाठी पाठवले जाते.

पाठपुरावा

ओठाचा फरक लगेच दिसतो. टाळूच्या शस्त्रक्रियेचे यश मात्र मूल बोलू लागल्यावरच कळते. त्यासाठी श्रवणतपासणी, वाचा-उपचार, दंतोपचार, हिरडीतही फट असल्यास सुळा येण्यापूर्वी अस्थिरोपण आणि काहींना वाढ पूर्ण झाल्यावर जबड्याची शस्त्रक्रिया लागते. ऊसतोडणीसाठी दरवर्षी काही महिने गाव सोडणाऱ्या मराठवाड्यातील कुटुंबांना असा सलग पाठपुरावा कठीण जातो. त्यामुळे घरी करून घेता येतील असे उच्चारांचे सराव पालकांना शिकवणे हा उपचाराचा महत्त्वाचा भाग ठरतो.